बेटेगावच्या बांधावरची येळवस

नवऱ्याच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी आणि मुलीच्या शाळेला रविवारी, इथूनच आमच्या बोईसरच्या संसाराची गंमत सुरू झाली. लातूरला असताना सुट्टी म्हणजे सगळ्यांची सुट्टी अशी माझी समजूत होती. इथं सुट्टीसुद्धा माणसागणिक वेगळी. रविवारी नवरा मशिनवर आणि मी दोन पोरं सांभाळत घरात. शुक्रवारी नवरा घरात लोळत आणि पोरगी शाळेत. तेव्हा चौघांनी मिळून कुठं जायचं म्हटलं, तर शुक्रवारी शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत. तेवढ्यात जे काय जग दिसेल ते आमचं.

जूनमध्ये आम्ही आलो ते दोन सुटकेस, एक गॅसची शेगडी आणि एक अट घेऊन. अट माझी होती. मी तशी अटी घालणारीच बाई आहे, माहेरी मला वकिलीणबाई म्हणायचे. लातूरचं नवऱ्याचं काम सुटलं होतं आणि बोईसरला मिळालं होतं. मी म्हटलं, "येते मी पोरं घेऊन. पण संक्रांतीपर्यंत पोरगी रुळली नाही, तर मी दोघांना घेऊन परत लातूरला. तुम्ही राहा इथं चारजणांच्या खोलीत आणि महिन्यातून एकदा या बाप होऊन." नवरा "बरं" म्हणाला. तो भांडत नाही, ही त्याची एकच वाईट खोड आहे. भांडला असता तर मला निदान जिंकता तरी आलं असतं.

पोरगी तेव्हा सहा वर्षांची होती, मुलगा तीनचा. मुलाचं काही नव्हतं. त्याला कुठंही ठेवा, चमचा आणि पातेलं द्या, तो खूश. पोरीचं मात्र वेगळं. लातूरला ती दिवसभर बडबडायची, इतकी की माझे सासरे म्हणायचे, हिला जरा बंद करायचं बटण कुठंय ते बघा. इथं आल्यावर ते बटण कुणीतरी दाबलं. घरात बोलायची, पण उंबरा ओलांडला की गप्प. शाळेत तर एक शब्द नाही. बाईंनी मला बोलावून विचारलं, "घरी तरी बोलते ना?" मी "बोलते हो" म्हणाले आणि जिना उतरताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इकडे जाऊबाईंचा दर आठवड्याला फोन. त्यांनी लातूरच्या जुन्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता, संक्रांतीपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. "जागा धरून ठेवलीय बघ," त्या म्हणायच्या, आणि मला त्यांचा आधारही वाटायचा आणि रागही यायचा.

म्हणून ते शुक्रवार. नवऱ्याचं म्हणणं, पोरगी घरात कोंडली गेलीय, तिला हिंडवू, आपोआप खुलेल. पावसाळा संपला तसे आम्ही निघालो. एक मोटरसायकल, टाकीवर मुलगा, मग नवरा, मग पोरगी, मग मी आणि माझ्या मांडीवर पिशवी.

पहिला मान समुद्राला. पोरांना मी आठवडाभर समुद्राच्या गोष्टी सांगितल्या होत्या. मुलासाठी बादली घेतली. नवऱ्यानं ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. चिंचणीला पोचलो आणि बघतो तर समुद्र नाही. समोर नुसता चिखल, काळे दगड आणि लांब कुठंतरी एक चकाकती रेघ. आमच्याकडे पाणी टँकरनं येतं हे खरं, पण एकदा आलं की ते जागचं हलत नाही. समुद्र उठून जातो हे शाळेत शिकले होते मी, पण शिकणं वेगळं आणि दोन पोरं घेऊन चिखलासमोर उभं राहणं वेगळं. नवरा त्या रेघेकडे चालत निघाला, जणू तो जाऊन आणणारच आहे, आणि पोटऱ्यांपर्यंत रुतला. किनाऱ्यावर शहाळी विकणारी बाई पोट धरून हसली. "वहाटी हाय भाऊ, मघा हितंच होता," ती म्हणाली.

त्या दिवशी पोरीनं पहिल्यांदा तो प्रश्न विचारला. माझी ओढणी घट्ट धरून, हळू आवाजात. "मम्मी, हे कुणाचं आहे?"

"कुणाचंच नाही गं. समुद्र सगळ्यांचा असतो."

"मग आपल्याला बसा कोण म्हणणार?"

मला तेव्हा तो प्रश्न कळला नाही. मी चादर अंथरली आणि म्हटलं, बस. ती बसली नाही. पुढच्या शुक्रवारी त्याच वेळेला गेलो तर समुद्र आलेला होता, मुलगा आनंदानं किंचाळला, पण ती मात्र माझ्या ओढणीला धरून उभीच.

मग सातपाटी. नवऱ्याच्या बरोबरीचा कुणी म्हणाला, पोरांना होड्या दाखवा. होड्या दाखवल्या. आमच्या घरात मासा शिजत नाही, त्यामुळे मी ओढणी नाकाला लावून पुढं आणि नवरा मागं, असं आमचं चाललं होतं. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत टाकलेले. मुलाला ते दोरीवरचे कपडे वाटले असावेत, त्यानं हात घालून एक ओढला. तिथली मावशी धावून आली, मी म्हटलं आता काही खरं नाही. तर ती म्हणाली, "अरे बाबू, तो खावाला हाय, खेलवाला नाय," आणि तो बोंबील त्याच्या हातातच राहू दिला. त्यानं तो माझ्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात लपवला. दिवाळीला लातूरला गेलो तेव्हा सासूबाईंनी पिशवी दारातच उतरवून घेतली, यातच काय ते समजा. पण सातपाटीलाही पोरीनं तेच विचारलं, हे कुणाचं आहे. पालघरच्या बागेत झोपाळ्याला रांग होती, तिथंही तेच. मी कंटाळून एकदा म्हटलं, "नगरपालिकेचं आहे." तिनं जरा विचार केला आणि विचारलं, "ते कुठं बसलेत?"

दिवाळीहून परत येताना ती गाडीत रडून रडून झोपली. नवरा खिडकीतून बाहेर बघत राहिला. अटीचं नाव दोघांनीही काढलं नाही, पण संक्रांत आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली होती.

आणि मग येळवस आली.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळअमावस्या. आमच्या लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हिचं काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते ओस. कडब्याची कोप, म्हणजे छोटं खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड, ते पांडव. त्यांची पूजा करायची. मडक्यातून डोक्यावर आंबील न्यायची, ताकातलं ज्वारीचं पीठ आंबवून केलेली, ती ओलगे ओलगे म्हणत शेतभर शिंपडायची, आणि मग जेवायला बसायचं. हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. आणि बांधावरून जो कोणी जाईल त्याला हाक मारायची. ओळखीचा असो नसो, "या, बसा, जेवून जा." ज्याला शेत नाही त्यालाही त्या दिवशी कुणीतरी आपल्या शेतात बोलावतंच. लातूरमध्ये येळवशीला घरात जेवलेला माणूस मी पाहिलेला नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पोरगी काय विचारत होती ते. तिच्या लेखी बाहेर जायचं म्हणजे कुणाच्या तरी शेतात जायचं. आजोबांच्या, नाहीतर काकांच्या, नाहीतर शेजारच्यांच्या. प्रत्येक जागेला एक माणूस असायचं आणि ते म्हणायचं, बसा. इथं आम्ही तिला एकाहून एक जागा दाखवल्या, पण एकाही जागेत तिला बस म्हणणारं माणूस नव्हतं. मी म्हणत होते, पण मी तरी कुठं तिथली होते?

येळवस नेमकी शुक्रवारी आली होती. नवरा म्हणाला, "इथं कुणाला माहीत पण नाही गं. कुठं करायलीस?"

"शेतात."

"कुणाच्या?"

"निघू तर."

पहाटे उठून मी सगळं रांधलं. हरभऱ्याचे ओले दाणे मिळाले, तूर मिळाली, वालाच्या शेंगा स्टेशनाबाहेर बसणाऱ्या बाईकडून घेतल्या. आंबिलीला मडकं नव्हतं म्हणून ती दुधाच्या किटलीत भरली. पानाच्या टपरीवरून चुना आणला, टपरीवाला विचारत होता, एवढा चुना भाभी? पोरीला शाळेला दांडी मारायला लावली. आणि निघालो बेटेगावच्या बाजूला, शेतं बघत.

आता इथं आमचं चुकलं, आणि ही चूक करायला लातूरचाच माणूस पाहिजे. आमच्याकडे मार्गशीर्षात रान भरलेलं असतं. ज्वारी छातीला लागते, हरभरा घाट्यावर आलेला असतो. उघडं रान दिसलं तर समजायचं, हे पडीक, याला वाली नाही. इकडे भात कापून झालेला. आम्हाला दिसली ती नुसती धसकटं, कोपऱ्यात एका तुकड्यात कसलीशी हिरवी रोपं, आणि चिटपाखरू नाही. नवरा म्हणाला, "पडीक दिसतंय. कुणाचं काही जात नाही." मलाही पटलं. आम्ही दोघं शेतकऱ्यांची लेकरं, आणि दोघांनाही भाताचं रान ओळखता आलं नाही.

कोप करायला कडबा नव्हता, म्हणून दोन काठ्यांवर निळ्या फुलांची चादर टाकली. बांधावरचे पाच दगड वेचून धुतले, त्यांना चुना फासला, हळदकुंकू वाहिलं. पोरगी जवळ येऊन बघत होती, पण तोंड मिटलेलंच. नवऱ्यानं किटलीतली आंबील आंब्याच्या डहाळीनं शिंपडायला सुरुवात केली. अंगात कंपनीचा निळा शर्ट होता, कारण पांढऱ्या शर्टातून चिंचणीचा चिखल काही केल्या निघाला नव्हता. निळ्या शर्टातला माणूस कडेकडेनं चालतोय, पांढरं पाणी शिंपडतोय, मधेच वाकून बांध बघतोय. लांबून ते कसं दिसत असेल याचा विचार आमच्या मनातही आला नाही.

धप्पकन आवाज आला. वळून बघते तर बांधावर एक बाई उभी. माझ्याच वयाची, कमरेला कोयता, डोक्यावरची लाकडाची मोळी खाली पडलेली. तिच्या मागं साधारण आमच्या पोरीएवढीच एक मुलगी. बाईचा चेहरा पांढरा पडला होता. ती एकदा नवऱ्याकडं बघे, एकदा चुन्याच्या दगडांकडं.

"मोजणीला आलाव का तुमी?" ती म्हणाली. "आमची जमीन जाते का? आमाला कोणी सांगला पन नाय!"

मग मला कळलं. इकडे चुना लावलेला दगड म्हणजे मोजणी. कधी रस्त्याला, कधी रुळाला, आसपासच्या कितीतरी जणांची जमीन अशीच दगड पडल्यावर गेलेली. आणि आम्ही तिच्या शेतात, तिला न विचारता, एक सोडून पाच दगड मांडून बसलो होतो. नवरा डहाळी हातात धरून नुसता उभा. भांडायला नाही, निदान सांगायला तरी तोंड उघडावं माणसानं. आणि येळवशीच्या दिवशी बांधावर माणूस दिसलं की माझं तोंड जे आपोआप बोलतं तेच बोललं.

"या ना," मी म्हणाले. "जेवायला बसा."

ती म्हणाली, "आमच्याच शेतान आमालाच जेवाला बसवताव?"

आणि हसली. अशी हसली की तिची मुलगीही हसायला लागली आणि कोयत्यासकट ती खालीच बसली. मीही हसायला लागले, पण माझं अर्धं हसू रडणंच होतं. मी तिला सगळं सांगितलं. आमचं गाव कुठं, येळवस म्हणजे काय, हे पांडव, ही आंबील, तुमचं शेत पडीक समजलो, माफ करा. ती ऐकत होती आणि मधेच मागं वळून तिनं हाक मारली. झाडामागं झोपडं होतं ते आम्हाला दिसलंच नव्हतं. तिथून तिचा सासरा आला, काठी टेकत, सावकाश. तिनं त्याला सांगितलं, पण म्हातारबाबांचा विश्वास बसला नाही. ते दगडांपाशी गेले, वाकून पाहिलं, एक दगड काठीनं हलवूनही पाहिला.

"मोजणीवालं कोपऱ्याला एकेक घालतान," ते शेवटी म्हणाले. "हे तं सगलं एका जाग्याला बसलान. मोजणीचं नाय हे. देवाचं हाय."

एवढं म्हणून ते निळ्या चादरीच्या सावलीत बसले. मी त्यांना आंबील दिली. त्यांनी आधी दोन थेंब जमिनीवर सांडले आणि मग वाटी तोंडाला लावली. माझे सासरे अगदी असंच करतात. "आंबीलच हाय की," ते सुनेला म्हणाले. "आपली नागलीची, यांची ज्वारीची." नाचणीला इकडं नागली म्हणतात. त्यांनी वाटी पुन्हा पुढं केली.

तेवढ्यात माझी ओढणी ओढली गेली. पोरगी. तोच हळू आवाज. "मम्मी, हे कुणाचं आहे?"

मी उत्तर द्यायच्या आधी म्हातारबाबांनी ऐकलं. वाटीवरून तिच्याकडं बघून ते म्हणाले, "आमचा हाय. बस."

ती बसली. ओढणी सोडून, धसकटं बाजूला सारून, त्यांच्या समोर मांडी घालून बसली. जूनपासून मी ज्याची वाट बघत होते ते एवढ्याशा गोष्टीनं झालं. आभार, ऋण हे शब्द मला सभेतल्या भाषणातले वाटतात, पण त्या क्षणी त्या म्हाताऱ्याचे पाय धरावेत असं मला वाटलं. धरले नाहीत, कारण माझ्या हातात भज्जीचं पातेलं होतं. त्याऐवजी मी त्यांना भज्जी वाढली, ताट भरेपर्यंत.

जेवण झाल्यावर बाईच्या मुलीनं आमच्या पोरीला झोपड्यामागं नेलं. तिथं भाताच्या पेंढ्याचा ढीग होता. वरून घसरत खाली यायचं, पुन्हा वर चढायचं. इथं रांग नव्हती. थोड्या वेळानं तिकडून ओरडण्याचा आवाज आला, "सरक! सरक! मी येतेय!" आणि नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. तो आवाज आमच्या पोरीचा होता. घराबाहेर, मोकळ्यावर, पूर्ण ताकदीनं. नवरा उठून मोटरसायकलपाशी गेला आणि उगाच किक मारून बंद करत राहिला. तो रडत होता. रडताना दिसायचं नसलं की तो गाडी दुरुस्त करतो.

निघताना मी दगड उचलायला लागले, म्हटलं यांना उगाच भीती नको. म्हातारबाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या."

त्यानंतर आमचे शुक्रवार ठरून गेले. समुद्राची भरती-ओहोटी बघायला नको की बागेची रांग नको. शाळा सुटली की बेटेगाव. मी डब्यात काहीतरी न्यायची, ती बाई कधी कंद उकडून ठेवायची, कधी नुसता काळा चहा. ज्या रोपांना आम्ही कसलीशी म्हटलं ते वाल होते, भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर पेरलेले. त्यावर नवऱ्यानं आंबील शिंपडली होती म्हणून यंदा शेंगा आंबट येणार, असं बाई त्याला चिडवायची. नवरा लाजून हसायचा. पोरींची भाषा एक झाली होती. एकदा शाळेच्या बाईंनी मला थांबवलं. त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी आज वर्गात बोलली. पण हाय-नाय करून बोलते हो. तुम्ही लातूरचे ना?" मी म्हटलं, "लातूरचेच, पण शेत इकडं आहे," आणि तोंडातून हे काय गेलं म्हणून घरी येईपर्यंत हसत होते.

तरीही जाऊबाईंना मी काही कळवलं नव्हतं. पोरगी एका शेतात बोलते, वर्गात एकदा बोलली, एवढ्यावर सगळा संसार इथं रोवायचा का? लातूरला घर होतं, माणसं होती, आजारपणात धावून येणारे हात होते. इथं भाड्याच्या दोन खोल्या आणि शुक्रवारची एक दुपार. मी मनात दोन्ही बाजूंनी वकिली करत होते आणि निकाल लागत नव्हता. नवरा विचारतही नव्हता. त्यानं एकदाही "राहा" म्हटलं नाही. त्याचा मला फार राग यायचा तेव्हा. पुढं कळलं की तो म्हणायला घाबरत होता, कारण म्हटलं असतं तर मी राहिले असते, आणि मग पोरीचं काही वाईट झालं असतं तर ते त्याच्या एका शब्दामुळं झालं असतं.

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी गेलो तर झोपड्याबाहेर बोचकी बांधलेली. बाई भांडी गोणीत भरत होती. भाताचं काम संपलं की ही माणसं दरवर्षी वीटभट्टीवर जातात, नवरा-बायको आणि पोरं, पाऊस येईपर्यंत. तिचा नवरा आधीच पुढं गेला होता, म्हणून तो आम्हाला कधी दिसला नव्हता. यंदा तिला निघायला उशीरच झाला होता. म्हातारबाबा मात्र इथंच राहणार होते, त्यांना भट्टीची धूळ सोसत नाही. पोरी पेंढ्याच्या ढिगावर शेजारी शेजारी गप्प बसल्या होत्या.

मी बाईला गोणीचं तोंड धरायला हात लावला. ती म्हणाली, "वाल तयार झालं का तोडून न्या. नायतं माकडं खातील." मी हो म्हटलं. गोणीची गाठ मारून झाली होती तरी ती पुन्हा पुन्हा आवळत राहिली.

"बाबा एकटं ऱ्हातान," ती म्हणाली. "दर साली माझा जीव लागत नाय तिथं. यंदा मनात म्हटला, तुमी शुक्कुरवारी येताव, बघाल. पावसाच्या तोंडाशी आमी येव माघारी. तुमी असाल ना तवा?"

सहा महिने मी हाच प्रश्न स्वतःला विचारत होते आणि मला वाटत होतं की तो आमचा चौघांचा आहे. इथं आमच्या असण्यानं किंवा नसण्यानं कुणाला काही फरक पडेल हे माझ्या मनातच आलं नव्हतं. ही बाई घर मोडून निघाली होती, म्हाताऱ्याला मागं ठेवून, आणि माझ्या भरवशावर. दरवर्षी जावं लागणारी ती, मला विचारत होती की तू राहशील ना. मागं मोटरसायकलपाशी खुडबुड थांबली होती. नवराही ऐकत होता.

"असू," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की. बाबांची काळजी करू नका."

तिनं माझ्या दंडाला नुसता हात लावला आणि गोणी डोक्यावर घेतली. आमच्या पोरीनं तिच्या मुलीला आपली केसांची पिवळी क्लिप दिली आणि बांधाच्या टोकापर्यंत सोडायला गेली.

परतताना नवरा गाडी इतकी हळू चालवत होता की सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. घरी पोचल्यावर मी आधी जाऊबाईंना फोन लावला. म्हटलं, "ती जागा दुसऱ्या कुणाच्या लेकराला देऊ द्या. आम्ही राहतोय इथं." त्या नाराज झाल्या, मग म्हणाल्या, "पोरगी बोलायला लागली का?" मी फोन पोरीच्या हातात दिला. तिनं काकूला म्हातारबाबांच्या कोंबडीपासून जी सुरुवात केली ती काकूलाच फोन ठेवावा लागला.

वालाला शेंगा आल्या, आंबट नव्हत्या. म्हातारबाबांना दोनदा ताप आला, तेव्हा नवरा कामावरून परस्पर तिकडं गेला, डॉक्टरकडं नेऊन आणलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरला गेलो. आजोबांकडं आंबे होते, चुलतभावंडं होती, सगळं होतं. आठवडाभरानं पोरगी माझ्याजवळ आली आणि विचारलं, "आपण परत कधी जायचं?" दिवाळीनंतर हाच प्रश्न तिनं बोईसरला विचारला असता तर मी रात्रभर झोपले नसते. यावेळी मी तिला म्हटलं, "जाऊ. ते लोक यायच्या आधी पोचू." सासूबाईंनी तोंड वाकडं केलं, पण वाटेत खायला दशम्या बांधून दिल्या. आणि पिशवी हुंगून बघितली.

मे संपता संपता एका शुक्रवारी आम्ही शेतात होतो. म्हातारबाबा बाजेवर, मुलगा कोंबडीच्या मागं, नवरा झोपड्याच्या छपराला बांबू बांधत. मी बांधावरच्या त्या पाच दगडांपाशी उभी होते. त्यांच्यावरचा चुना ताजा होता. मी लावला नव्हता, नवऱ्यानंही नाही. म्हातारबाबांना विचारलं तर ते दुसरीकडं बघायला लागले.

लांब वाटेवर माणसं दिसली. डोक्यावर गोण्या, एक पुरुष, एक बाई, मधे एक मुलगी, केसांत पिवळं काहीतरी. आमची पोरगी आधी धावत सुटली. बाई थांबली. तिनं हात हलवला नाही, हाक मारली नाही. कपाळावर हात धरून बांधाकडं बघत राहिली आणि मग तिच्या मुलीला, की नवऱ्याला, की स्वतःलाच म्हणाली. वारा आमच्याकडं येत होता, म्हणून मला ऐकू आलं.

"बघ," ती म्हणाली, "हायत."

"आहोत," मी म्हणाले, आणि चहाचं आधण ठेवायला झोपड्याकडं वळले.